दाराला आतून कडी

दुपारच्या सुट्टीत, हात धुऊन, डबा उघडण्याआधी तिनं मोबाइलवर उद्याचं हवामान बघायला घेतलं, आणि तापमानाच्या आकड्यांखालून एक म्हातारं जोडपं तिच्याकडे बघून हसलं. दोघांचेही दात फार पांढरे होते. आधी तिला तेच दिसलं, कारण दात बनवणं हाच तिचा धंदा होता. या वयाला हा रंग शोभत नाही, निदान दोन छटा गडद हव्यात, असं मनात येऊन गेलं. मग तिनं खालची ओळ वाचली. ‘आईबाबांसाठी निवांत घर. आजच खोली बघून जा.’ तिनं जाहिरात बोटानं वर सरकवली. खाली बातम्या होत्या, बातम्यांच्या खाली पुन्हा तेच जोडपं. या वेळी त्यांच्या मागचा व्हरांडा दिसला. पुसून लख्ख केलेली फरशी, दोन्ही बाजूंना बंद दारं, आणि टोकाला एक खिडकी, जिच्यातून उजेड येत होता पण बाहेरचं काही दिसत नव्हतं. तिचा हात डब्याच्या झाकणावरच राहिला. हा व्हरांडा तिच्या ओळखीचा होता. म्हणजे हाच नव्हे; पण लहानपणी आईनं तिला वसतिगृहात ठेवलं तेव्हा असाच एक व्हरांडा होता. आई तिच्या केसांवरून हात फिरवून निघाली, आणि आईच्या चपलांचा आवाज त्या फरशीवरून लांब लांब जात राहिला. ती मोजत नव्हती, रडतही नव्हती. आवाज संपला तरी तो चालूच आहे असं तिला बराच वेळ वाटत होतं. आईचा नाइलाज होता, नोकरी फिरतीची होती, हे तिला पुढं सगळं कळलं. पण कळण्याचा आणि त्या आवाजाचा काही संबंध नव्हता.

समोरच्या टेबलावर भट्टीवाले जेवत होते. लॅबमध्ये सिरॅमिकचे दात भाजायचं काम त्यांच्याकडे, म्हणून सगळे त्यांना भट्टीवाले म्हणत, आणि त्यांनाही आता स्वतःचं दुसरं नाव आठवत नसावं. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, की आपण कधी बघितलीच नाही अशा गोष्टीची जाहिरात आपल्याला कशी येते. त्यांनी आधी चाळीस वेळा मोजून चावल्यासारखा घास चावला आणि सांगितलं, की तुम्ही नसेल बघितली, घरातल्या कुणीतरी बघितली असणार. घराचं इंटरनेट एक, म्हणजे पत्ता एक. एकाला खोकला झाला की औषधाची जाहिरात सगळ्यांना. त्यांची मुलगी प्रेमात पडली तेही त्यांना असंच कळलं होतं; आठवडाभर त्यांच्या मोबाइलवर अंगठ्याच अंगठ्या. ते हसले. तीही हसली. मग टेबलाशी जाऊन तिनं दिवा जवळ ओढला आणि कुणा अनोळखी माणसाच्या पुढच्या दाताला ब्रशनं थर द्यायला लागली, आणि तिच्या लक्षात आलं की आपला हात स्थिर आहे पण आपण त्याच त्या कडेवरून पुन्हा पुन्हा ब्रश फिरवतो आहोत.

घरात तिघंच. ती, नवरा आणि सासूबाई. तिनं बघितलं नव्हतं. सासूबाई टॅबलेटवर विणकामाचे नमुने आणि मांजरांचे व्हिडिओ बघायच्या. राहिला नवरा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो तपासनीस होता, आणि प्रत्येक गोष्ट बिघडण्याआधी बघून ठेवायची त्याची सवय होती. छत्री उन्हाळ्यात शिवून आणणारा माणूस. तोच असणार. आई अजून धडधाकट आहे, पण पुढंमागं लागलं तर असावं, म्हणून त्यानं बघून ठेवलं असणार. तिला त्याचा राग आला नाही, आधी भीती वाटली. सासूबाईंच्या त्या खोलीत, त्या पलंगावर त्या नसतील हे चित्र तिनं कधी मनात आणलंच नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिचं मूल पोटातच गेलं, तेव्हा भेटायला येणारं प्रत्येक माणूस काही ना काही समजूत घालून जायचं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. रोज दुपारी तिच्या पायांशी बसून तिच्याच जुन्या गाऊनची शिवण उसवून पुन्हा घालायच्या. शिवण चांगली होती हे तिला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. हातांना काम हवं म्हणून त्या ती उसवत होत्या, आणि तिला बघायला काहीतरी हवं म्हणून. त्यानंतर कधीतरी ‘सासूबाई’ हा शब्द तिच्या तोंडातून आपोआप गळून गेला आणि नुसतं ‘आई’ राहिलं. आणि आता तिचा नवरा त्या बाईसाठी व्हरांडे बघत होता.

तीनचार दिवस ती नुसतं बघत राहिली. सासूबाई जेवताना वाटी हातात धरून किती वेळ बसतात, जिना चढताना कुठं थांबतात, तीच गोष्ट दोनदा सांगतात का. असं बघायला लागलं की कुणीही म्हातारं दिसतं. नवऱ्याकडेही ती बघत होती, आणि तोही कधी कधी आपल्याकडे बघतोय असं तिला वाटायचं. मान वर केली की त्याचे डोळे ताटात. एकदा तिनं जेवताना आडून विषय काढला. लॅबमधल्या एका बाईनं सासऱ्यांना कुठंतरी ठेवलं म्हणे, असं ती खोटंच म्हणाली. नवऱ्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला आणि आवाज नीट सांभाळून म्हणाला, की ज्याचा त्याचा प्रश्न आहे, आपल्याला ती वेळ येणार नाही. सासूबाईंनी दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि कुणाला काही वाढू का म्हणून विचारलं.

शनिवारी नवऱ्यानं व्हीपीएन आणलं. आणलं म्हणजे काय, पैसे भरून मोबाइलवर उतरवून घेतलं. पण तो ते नवा पंखा आणल्यासारखं सांगत होता. घरचं इंटरनेट उघडं असतं, आपण काय बघतो ते दहा जणांना दिसतं, आता सगळ्यांच्या यंत्रांवर हे बसवून टाकतो. त्यानं तिचा मोबाइल मागितला, आईचा टॅबलेट मागितला. सासूबाईंनी टॅबलेट लगेच दिला नाही. आधी त्याच्यावर काहीतरी दाबलं, पुसलं, मग दिला. त्यांना समजावं म्हणून त्यानं सोपं करून सांगितलं, की आपल्या घरातून निघालेलं सगळं एका बंद नळीतून जाईल, वाटेत कुणाला आत डोकावता येणार नाही, आणि नळीचं तोंड उघडेल ते दुसऱ्याच देशात. म्हणजे समोरच्याला वाटेल, आपण त्या देशात बसलोय.

“म्हणजे बसायचं इथंच आणि सांगायचं तिथं आहोत म्हणून,” सासूबाई म्हणाल्या.

“तसंच.”

“बरं आहे,” त्या म्हणाल्या, आणि टॅबलेट उराशी धरून आपल्या खोलीत गेल्या.

ती गॅसपाशी उभी होती. तिला वाटलं, आता तर खात्रीच झाली. झाकायचं काही नसतं तर माणूस झाकण कशाला आणतो. तो ते म्हातारं जोडपं तिच्यापासून लपवत होता. आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून हवामानाखाली बुटांच्या जाहिराती यायला लागल्या, कुठल्याशा परक्या लिपीतल्या. जोडपं गेलं. पण आता ते कुठंतरी बंद नळीतून तिच्या घराखालून जात होतं, आणि न दिसणाऱ्या गोष्टीकडे डोळे लावून बसणं दिसणाऱ्यापेक्षा जास्त दमवणारं होतं. रात्री शेजारी झोपलेल्या नवऱ्याच्या पाठीकडे बघताना तिला वाटायचं, हा चांगला माणूस आहे. मग वाटायचं, आपली आईही चांगलीच होती.

पुढच्या आठवड्यात लॅबमधली भट्टी बिघडली. भट्टीवाले त्या भट्टीपुढं आजारी माणसापुढं बसावं तसे बसून राहिले आणि बाकीच्यांना साहेबांनी दुपारीच घरी सोडलं. ती आली तेव्हा घर शांत होतं. वॉशिंग मशीनमधले कपडे ओले पडले होते, ते बादलीत भरून ती सासूबाईंच्या खोलीत शिरली. कपडे वाळत घालायची गॅलरी त्यांच्याच खोलीतून होती, पहिल्यापासून तशीच. नवऱ्याचं जुनं कपाटही तिथंच, इस्त्रीचं टेबलही. ‘आई, येऊ का जरा,’ असं म्हणेपर्यंत माणूस आत पोचलेलं असायचं. आजही तसंच झालं. सासूबाई पलंगावर टॅबलेट घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तो पालथा घातला. मग, काय मनात आलं कुणास ठाऊक, पुन्हा सुलटा करून तिच्यापुढं धरला.

“पोरी, बघ गं याला काय झालंय. गेल्या आठवड्यापर्यंत मला वाचता येत होतं.”

बादली खाली ठेवून तिनं टॅबलेट हातात घेतला. पडद्यावर बर्फ होता. बर्फात एक ठेंगणं घर, घरापुढं स्वेटर घातलेल्या चार म्हाताऱ्या बाया, आणि सगळीकडे ती परकी लिपी, काट्याकुट्यांसारखी. वरच्या चौकटीत मात्र मराठीत लिहिलेलं होतं. सासूबाई एका बोटानं, एकेक अक्षर शोधून लिहायच्या. ‘एकट्या बाईसाठी खोली दाराला आतून कडी’. ती ओळ तिनं वाचली. वाचून झाल्यावर पुन्हा वाचली. खिडकीखालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. इतके दिवस तिच्या छातीत जे एका जागी घट्ट होऊन बसलं होतं ते सुटलं, आणि सुटता सुटता दुसरीकडेच जाऊन लागलं. बघणारा नवरा नव्हता. म्हणजे त्याला दोष द्यायची सोयही गेली.

ती पलंगाच्या कडेवर बसली. आमचं काही चुकलं का, असं तिनं विचारलं, आणि विचारताना तिला आपला आवाज वसतिगृहातल्या त्या मुलीचा वाटला. सासूबाई म्हणाल्या, की चुकलं असतं तर सांगितलं नसतं का. मग त्या बोलायला लागल्या. एरवी त्या इतकं बोलत नसत. लहानपणी त्या सगळ्या बहिणी एका अंथरुणावर आडव्या झोपायच्या, आणि त्या मधल्या. लग्न होऊन आल्या तर सासरी मधे नुसता पडदा, पलीकडे दीर अभ्यास करायचे. मग मुलगा झाला, मग सासरे अंथरुणाला खिळले आणि त्यांची खाट यांच्या खोलीत आली. नवरा गेला तेव्हा एकदा मनसोक्त रडायचं म्हणून त्या न्हाणीघरात गेल्या, तर बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, की बऱ्या आहात ना. सगळी माणसं चांगली होती. कुणी कधी वाईट वागलं नाही. पण आयुष्यात एकदा दार लावून नुसतं बसावं, आणि बाहेर कुणाचंच काही अडून राहू नये, अशी त्यांची फार इच्छा होती. पुष्कळ दिवसांची. वेड्यासारखी आहे, त्या म्हणाल्या, पण आहे.

ती ऐकत होती आणि ऐकताना तिला दिसत होतं, की या खोलीत आपण दिवसातून कितीदा येतो. बादली घेऊन, इस्त्रीला, गॅलरीतल्या कुंडीला पाणी घालायला. ती घाईघाईनं म्हणाली, की दोरी पलीकडच्या खिडकीत बांधू, कपाट आमच्या खोलीत घेऊ, उद्याच सुताराला बोलावून दाराला कडी बसवू. ती बोलत राहिली, कारण थांबली की काय होईल ते तिला माहीत होतं.

सासूबाईंनी तिचा ओला हात आपल्या हातात घेतला.

“बसवशील गं कडी. पण मी ती लावली, की तुम्ही दोघं बाहेर काळजी करत उभे राहाल. मग मला आत कसं बसवेल?”

ते खरं होतं. ती स्वतः सगळ्यांत आधी दाराशी जाऊन उभी राहिली असती. थोड्या वेळानं सासूबाईंनी टॅबलेटकडे बोट केलं आणि हे नीट होईल का, म्हणून विचारलं. ठीक जागा सापडली की सांगणारच होते तुम्हाला, आधी सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता आणि मी राहिले असते, असंही म्हणाल्या.

आता टॅबलेट तिच्या हातात होता. व्हीपीएननं या बाईला बर्फाच्या देशात नेऊन बसवलं होतं, एवढंच झालं होतं. दोन बोटं फिरवायचं काम. पण ‘बिघडलंय, आई’ म्हणणंही तेवढंच सोपं होतं. सासूबाईंनी ते मानलं असतं. त्या कुणाला पुन्हा विचारायला गेल्या नसत्या. चौकटीतली ओळ पुसून विणकामाचे नमुने बघायला लागल्या असत्या, आणि संध्याकाळी तिला दार उघडायला आल्या असत्या. सगळं जसंच्या तसं राहिलं असतं, आणि कुणी वाईट वागलं असं कुणालाच म्हणता आलं नसतं. तिनं मान वर केली. सासूबाई खिडकीकडे बघत होत्या. तिच्या हाताकडे, पडद्याकडे त्या मुद्दाम बघत नव्हत्या. दुसऱ्याच्या हातात आपली वस्तू असताना बघू नये, तसं. जन्मभर कुणी त्यांच्या बाबतीत जे पाळलं नव्हतं ते त्या तिच्या बाबतीत पाळत होत्या. तिला लाज वाटली. तिनं देशांची यादी उघडली. बंदच करून टाकणार होती. मग थांबली, आणि यादीत आपला देश शोधून त्याच्यावर बोट ठेवलं. बर्फ गेला. अक्षरं वाचता येण्यासारखी झाली.

“आता तुमच्या भाषेत दिसेल,” ती म्हणाली. “आणि तुम्ही काय बघताय ते कुणाला कळणार नाही. आम्हालासुद्धा.”

“तुलासुद्धा?”

“मलासुद्धा.”

सासूबाईंनी टॅबलेट घेतला आणि थोडं सरकून तिच्यासाठी जागा केली. मग म्हणाल्या, की आज तरी बैस शेजारी, मला ते भाड्याचं गणित कळत नाही. ती बसली. बादलीतले कपडे तसेच राहिले.

नवऱ्याला तिनं संध्याकाळी सांगितलं, खाली भाजी आणायला म्हणून बाहेर नेऊन. तो रस्त्याच्या कडेला उभाच राहिला. त्यालाही ते जोडपं दिसलं होतं, कामावर, एका लिफ्टच्या छतावर बसून मोबाइल बघताना. आणि त्याला वाटलं होतं, की बायको बघतेय. तिला आता आईचं ओझं होत असेल, ती बोलत नाही, बोलणारही नाही. पण उद्या आईच्या टॅबलेटवर ते दिसलं तर आईला काय वाटेल. म्हणून व्हीपीएन. बायकोला बोलून दुखवायचं नव्हतं आणि आईला कळू द्यायचं नव्हतं.

“मला वाटलं तू,” तो म्हणाला.

“मला वाटलं तू.”

दोघंही हसली नाहीत. तिला त्याच्याबद्दल एकदम माया दाटून आली, आणि थोडी कीवही. इतके दिवस हा माणूस माझ्यावर मनातून असा आरोप ठेवून माझ्या पेल्यात पाणी ओतत होता, आणि मी त्याच्यावर ठेवून त्याला पोळी वाढत होते. मग तो विचारत राहिला, आईला काय कमी पडलं, आणि ती सांगत राहिली की काही नाही. हे त्याला समजायला वेळ लागला. त्यानं कडीचा विषय काढला, तिनं आईचं वाक्य त्याला जसंच्या तसं सांगितलं. त्यावर तो पुढं चालायला लागला. भाजी घ्यायची राहिली.

जागा सापडायला अजून दीड महिना गेला. दोन जागा सासूबाईंनी नापसंत केल्या, एकीत फार भजनी शांतता म्हणून आणि दुसरीत सकाळी सगळ्यांना धरून व्यायाम करवतात म्हणून. तिसरी बसनं फार लांब नव्हती. तळमजल्यावर एक खोली, एक खिडकी, भिंतीत एक ओटा. नवऱ्यानं तिथल्या लिफ्टची दोरी, जिन्याचे कठडे, गॅसची नळी, सगळं तपासलं. सासूबाई तळमजल्यावर राहणार आहेत हे कुणी त्याला सांगितलं नाही, तपासू दिलं. सामान एका टेम्पोच्या कोपऱ्यात मावलं. जाताना त्या रडल्या नाहीत, ती रडली, आणि रडताना तिला हेही कळत होतं की आपण नेमक्या कुणासाठी रडतोय ते आपल्यालाच सांगता येणार नाही. सासूबाईंनी सांगितलं, की या, पण आधी फोन करून या.

फोन करून ते गेले. दुपार होती. खोलीत एकच खुर्ची होती, हातांची, जुन्या बाजारातून आणलेली. सासूबाईंनी ती स्वतः जाऊन, भाव करून घेतली होती. दुसरी का नाही घेतली असं नवऱ्यानं विचारलं, तर त्या म्हणाल्या, बसणार कोण. मग ही दोघं पलंगावर बसली. चहा झाला. लॅबमधली भट्टी सुरू झाली, असं काहीबाही ती सांगत होती, आणि सासूबाई खुर्चीत मागं टेकून ऐकत होत्या, पाय खिडकीच्या कठड्यावर टाकून. असे पाय वर घेऊन बसलेलं तिनं त्यांना कधी बघितलं नव्हतं. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की हुंकार येईनासा झालाय. सासूबाईंना झोप लागली होती. इतक्या वर्षांत त्या तिच्याआधी कधी झोपल्या नव्हत्या, तिच्यानंतर कधी उठल्या नव्हत्या. झोपलेला हा चेहरा तिला नवाच होता, लहान, जरा रागीट, आणि कुणाचाच नसलेला. नवरा हळूच उठायला लागला, की निरोप घेऊ. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. दोघं तशीच बसून राहिली. ऊन भिंतीवरून खाली सरकलं, कुठंतरी नळ सुरू झाला, बंद झाला. तिला काही आठवत नव्हतं, कशाची वाट बघावीशी वाटत नव्हती.

बऱ्याच वेळानं सासूबाईंनी डोळे उघडले. त्यांना दोघं दिसली. चहाचे रिकामे कप दिसले. एरवी त्या पदर सावरत उठल्या असत्या.

“बसा,” त्या म्हणाल्या, आणि डोळे पुन्हा मिटले. “मी काही उठत नाही.”